परक्या हाताची टीप

२१ ऑगस्ट, बुधवार

मापांची वही उलटी करून मागच्या पानापासून हे लिहितेय. पुढून गिऱ्हाइकांची मापं, मागून माझी दुखणी. परदेशातल्या इस्पितळाने पाठवलेल्या कागदांत सूचना आहे की ऑपरेशनच्या आधीपासून दुखण्याची नोंद ठेवा, शून्य ते दहा आकड्यांत. आज सात. उभं राहून चार ब्लाउज कापले म्हणून सात, नाहीतर पाच.

डावा खुबा पार झिजलाय. सहा वर्षं मी डावा पाय ओढत चालतेय. डावा पाय बोटभर आखूड झालाय, म्हणून स्वतःचे परकरही त्या बाजूने बोटभर आखूड शिवते, म्हणजे घेर जमिनीला समांतर दिसतो. लोकांना वाटतं बाई जरा डुलत चालते, एवढंच. पण कापणीच्या टेबलाशी उभं राहणं आता अर्ध्या तासावर आलंय. या वर्षी सांधा बदलला नाही तर पुढच्या वर्षी दुकान बंद, हे मला स्वच्छ दिसतंय. तीन वर्षं ढकललं. आधी यांच्या हृदयाचं, मग लेकीचं लग्न, मग दुकानाचं छप्पर. इथे जेवढ्यात नुसता सांधा बदलून मिळतो, तेवढ्यात तिकडे सांधा, जाणंयेणं आणि वर पंधरा दिवस समुद्रकाठची खोली. मी गिऱ्हाईक म्हणून आयुष्यात पहिल्यांदा सौद्यावर खूश आहे.

सोबत वन्सं येणार. यांची थोरली बहीण, वय सहासष्ट, लग्न केलं नाही, बत्तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात कानाला यंत्र लावून बसल्या. माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून आमचं रोज एकदा तरी वाजतं. हे स्वतः यायला हवे होते, पण हे विमानाला घाबरतात. "माझी ताई तुझी काळजी जास्त चांगली घेईल," असं म्हणून मोकळे झाले.

वन्संना समुद्र बघायचाय. आयुष्यभर लोकांचे फोन समुद्रापलीकडे जोडून दिले, स्वतः कधी समुद्र पाहिला नाही. प्रवासासाठी दोन नवे ब्लाउज मागितले, तेही बंद गळ्याचे. सहासष्टाव्या वर्षी फॅशन सुचली! माप घेऊ म्हटलं तर म्हणाल्या, "जुन्याच मापाने शीव. मी काय आता वाढत्या वयाची आहे?" तेही खरंच. छाती अडतीस, कंबर चौतीस, दंड बारा. तीस वर्षांत अर्धा इंच हलल्या नाहीत. असं गिऱ्हाईक देवाने सगळ्यांना द्यावं.

२९ ऑगस्ट, गुरुवार

आज माझं डोकं फिरलंय. दुखणं चार, राग दहा.

परवा निघायचं म्हणून वन्संची बॅग भरायला बसले. त्यांचा रोजचा तपकिरी ब्लाउज घडी करायला उलटा केला तर बाजूच्या शिवणीत माझी नसलेली टीप! माझी टीप मी झोपेत ओळखीन. ही वाकडी होती, टाके कुठे लांब कुठे आखूड, दोराही भलत्याच रंगाचा. नीट बघणार तोच वन्संनी हातातून ब्लाउज ओढून घेतला. "बॅग माझी मी भरते," म्हणाल्या आणि कान लाल झाले.

म्हणजे माझ्या मागे त्या कोपऱ्यावरच्या मास्तरकडे गेल्या. तो घाईगर्दी मास्तर, दोन तासांत ब्लाउज देतो आणि दोन धुण्यांत उसवतो. तीस वर्षं मी ज्यांच्या अंगावर एक सुरकुती पडू दिली नाही, त्या त्याच्याकडे! आणि वर माझ्याकडून नवे शिवून घेतात, म्हणजे मला संशय नको. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, काखेत घट्ट हवं असेल." काखेत घट्ट हवं असेल तर मला तोंड नाही का? मला सांगायला काय कमीपणा होता?

रात्री मी अर्ध्या पोळीवरच उठले. वन्संनी मात्र तीन पोळ्यांवर चौथी घेतली. भांडणाने माझी भूक जाते, त्यांची वाढते.

३१ ऑगस्ट, शनिवार

पोचलो. विमानात दुखणं आठ, पण आता बसायला खुर्ची अशी मिळालीय की दुकानात तीच न्यावी.

इस्पितळातली खोली तिसऱ्या मजल्यावर. दोन पलंग, एक खिडकी, खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची आणि पाण्याच्या टाक्या. न्हाणीघरात जागोजागी धरायला दांडे. आमच्यासाठी एक दुभाषी ठेवलीय. मुलगी गोड आहे, आपली भाषा पुस्तकातून शिकलीय. "आपण आसनस्थ व्हावे," म्हणते. वन्संना वाटलं आरती करायचीय की काय.

दुभाषी असून नसल्यासारखीच, कारण वन्सं सगळ्यांशी आपल्याच भाषेत, टेलिफोन ऑफिसच्या आवाजात बोलतात. नर्सला म्हणाल्या, "जरा थांबा, लाइनवर राहा." नर्स थांबली! आवाजाचा दरारा असा असतो.

हाडांचे डॉक्टर येऊन गेले. उंच माणूस, उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच खाली, कोट मात्र दोन्हीकडे सारखा कापलेला, त्यामुळे पाठीवर तिरकी ओढ. एवढा मोठा डॉक्टर आणि कुणाला दिसलं नाही. मला माणूस दारातून आत आला की आधी शिवण दिसते. माझ्या नजरेतून पाव इंच सुटत नाही, हे मी फुशारकीने नाही, अनुभवाने लिहितेय.

वन्संशी नवीन भांडण: खोली थंड करायच्या यंत्रावरून. मला हुडहुडी भरते, त्यांना घाम फुटतो. पदराने वारा घेत खिडकीशी फेऱ्या मारतात. एका जागी पाच मिनिटं बसणं नाही. मी म्हटलं, "वन्सं, ऑपरेशन माझं आहे, येरझाऱ्या तुम्ही का घालताय?" म्हणाल्या, "बत्तीस वर्षं बसले, आता बसवत नाही." माझ्या ताटातलं उरलेलं सूप आणि पावही त्यांनीच संपवला. खाल्लेलं अंगी लागत नाही काही काही लोकांच्या. मी नुसता वास घेतला तरी परकराची नाडी बदलावी लागते.

२ सप्टेंबर, सोमवार

उद्या सकाळी आठला ऑपरेशन. घाबरलेय का? हो. लिहून टाकते म्हणजे संपलं. कापणारी मी, आज कापून घ्यायची पाळी आली. निदान एवढं तरी बघून घेतलं की डॉक्टरांचा हात थरथरत नाही. उद्या काय करणार ते त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. रेघ एका झटक्यात, खोडाखोड नाही. ज्याला कागदावर सरळ रेघ येते त्याच्या हाती कात्री द्यायला हरकत नाही.

दुपारी दुभाषीने सांगितलं की सोबत आलेल्या माणसाची तपासणीही आमच्या पॅकेजात आहे, रक्त वगैरे. वन्सं उसळल्याच. "मी काय पेशंट आहे? माझं रक्त माझ्याजवळ राहू द्या." मग मला म्हणाल्या, "आधी तुझा पाय. माझं नंतर बघू." मीही म्हटलं, बरोबर आहे, इथे सुई टोचून घ्यायला कशाला, उगीच नसती भानगड निघायची आणि समुद्र राहून जायचा. 'माझं नंतर' म्हणजे समुद्रच असणार, दुसरं काय? काल त्यांनी त्या गावाचा नकाशा दुभाषीकडून मागून घेतला आणि उशाखाली ठेवलाय.

संध्याकाळी यांचा फोन. "अंगठी काढून ठेव, पाणी पिऊ नकोस, डॉक्टरांना सगळं विचारून घे." विमानाला घाबरून घरी बसलेला माणूस उंटावरून शेळ्या हाकतोय. पण फोन ठेवताना यांचा आवाज बसला होता.

ब्लाउजाचा विषय मी अजून काढलेला नाही. ऑपरेशनला जाताना मनात अढी नको म्हणून. परत आल्यावर काढणार, सोडणार नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

घोडं एकदाचं गंगेत न्हालं. दुखणं सहा, पण हे दुखणं निराळं आहे, नव्या कपड्याच्या काचण्यासारखं. जुनं दुखणं कुजकं होतं.

सूप भरवताना वन्संनी माझ्या गळ्यावर सांडलं. हात असा थरथरत होता की चमचा वाटीवर वाजत होता. मी ओरडले, "ऑपरेशन माझं झालंय, हात तुमचे का कापतायत?" त्यांनी रुमालाने माझी हनुवटी पुसली आणि दुसरा चमचा दोन्ही हातांनी धरला. नंतर वाईट वाटलं. झोप नसेल झाली बिचारीची.

६ सप्टेंबर, शुक्रवार

अकरा पावलं चालले! वॉकर धरून, पलंगापासून दारापर्यंत. व्यायाम करून घेणाऱ्या माणसाला आम्ही 'एक-दोन' नाव ठेवलंय, कारण तो तेवढंच बोलतो. तो 'एक' म्हणाला की वॉकर पुढे, 'दोन' म्हणाला की पाय. मी तिसऱ्या पावलाला विचारलं, जिना कधी? दुभाषीने त्याला सांगितलं, तो हसला. वन्सं म्हणाल्या, "पी हळद आणि हो गोरी."

आणि गंमत! उभी राहिले तर परकर डावीकडून वर गेलेला. पाय सारखे झाले, परकर चुकला. सहा वर्षांचे सगळे परकर आता डाव्या बाजूने सोडवावे लागणार. इतक्या आनंदाने मी कधी कुठलं काम अंगावर घेतलं नसेल.

खाली वाकायचं नाही, पाय गुडघ्यावर टाकायचा नाही, म्हणून मला एक लांब दांड्याचा चिमटा दिलाय. मूठ दाबली की पुढची दोन बोटं मिटतात. चष्मा, रुमाल, चपला सगळं त्याने उचलते. वन्संचा पदरही एकदा धरून ओढला. खेळणंच आहे.

८ सप्टेंबर, रविवार

हे कसं लिहू कळत नाही. पण वही जवळ आहे आणि वन्सं आंघोळीला गेल्यात, तेवढ्यात लिहिते.

दुपारी त्यांनी तो तपकिरी ब्लाउज धुऊन खिडकीजवळच्या खुर्चीच्या पाठीवर वाळत घातला होता, उलटा. त्या न्हाणीघरात गेल्या. म्हटलं, आता बघतेच या घाईगर्दी मास्तरची कारागिरी. चिमटा लांब केला, दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बाहीला धरून ब्लाउज मांडीवर ओढून घेतला.

बाजूच्या शिवणीत एक टीप नव्हती. तीन होत्या. एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी. कोणताही शिंपी, अगदी घाईगर्दीसुद्धा, आत घेताना आधीची टीप उसवतो. इथे उसवलेलीच नव्हती. म्हणजे हे शिंप्याचं काम नव्हे. मग टिपेची शेवटची टोकं बघितली. दोरा पक्का करायला मागेपुढे घेतात ना, तिथे प्रत्येक टिपेला एक टाका गळलेला. तो टाका माझं मशीन गाळतं. चार वर्षांपासून, उलटं घेताना, एकच. दुरुस्तीवाल्यालाही सापडलेलं नाही. जगात हा दोष फक्त माझ्या मशीनला आहे.

वन्संनी स्वतः घेतल्या. माझ्या दुकानात, माझ्या मशीनवर. "मला सुईत दोरा ओवता येत नाही," असं तीस वर्षं म्हणणाऱ्या बाईने.

आणि मग रंग. सर्वांत बाहेरची टीप बदामी दोऱ्याची. ते रीळ मार्चमध्ये संपलं. त्याच्या आतली राखाडी, ती मी मे महिन्यात शाळेच्या कपड्यांसाठी आणली होती. सर्वांत आतली निळी, जुलै. दर वेळी मशीनवर जो दोरा होता तो त्यांनी वापरला. दोन्ही बाजू धरून प्रत्येक टिपेला एक इंच. तीन टिपा, तीन इंच, पाच महिने. वन्संची छाती पस्तीस झालीय आणि माझ्या वहीत अडतीस आहे.

कपडा आतल्या बाजूने बघताना हे सगळं एका दमात कळलं. मग मान वर करून गेले काही दिवस आठवायला लागले. चार पोळ्या. घाम. येरझाऱ्या. थरथरता चमचा. बंद गळा. मी डॉक्टरच्या कोटातली पाऊण इंचाची ओढ बघितली, आणि जी बाई माझ्या समोर बसून रोज जेवते तिचे तीन इंच मला दिसले नाहीत. मला वाटलं दुसऱ्या शिंप्याकडे गेली! त्याचाच राग धरून बसले दहा दिवस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

दार वाजलं. ब्लाउज परत ठेवता येत नाहीये, चिमट्यातून सटकतोय. राहू दे मांडीवर.

९ सप्टेंबर, सोमवार

काल वन्संनी मांडीवरचा ब्लाउज पाहिला आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. मी इतकंच विचारलं, "कधीपासून?"

"तुला काय करायचंय? तू पाय सांभाळ."

"वन्सं, बदामी रीळ मार्चमध्ये संपलं. मार्चपासून ना?"

मग हसल्या थोड्या. "सुतावरून स्वर्ग गाठतेस. मास्तरीण आहेस खरी." आणि सगळं सांगितलं. त्यांच्या आईला, म्हणजे माझ्या सासूला, असंच झालं होतं. जेवायची आणि झिजायची. माझ्या लग्नाआधीच गेल्या. वन्संनी ते जवळून पाहिलं, म्हणून मार्चमध्ये अंगातले कपडे सैल झाले तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की आपलंही तेच. गळ्याशी थोडं सुजलंय, ते झाकायला बंद गळा.

"डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"गेले असते तर कळलं असतं. कळलं असतं तर तू तिकीट रद्द केलं असतंस. तीन वर्षं कुणा ना कुणासाठी रद्द करत होतीस. आता माझ्यासाठी केलं असतंस तर मी मेल्यावरही लंगडत राहिली असतीस. म्हटलं, तुझा पाय होऊ दे, मला समुद्र दिसू दे, मग घरी जाऊन काय ते."

मी खूप रडले. त्यांच्यावर ओरडलेसुद्धा, आवाज खालच्या मजल्यावर गेला असेल. मग म्हटलं, "उद्याच्या उद्या तपासणी." म्हणाल्या, नाही. समुद्राकाठी जायचा दिवस बुधवारचाच ठरलाय, तपासणीत अडकले तर खोली जाईल. तपासणीत जे कळेल ते समुद्र बघून आल्यावरही तेच असेल. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टी ऐकलेली बाई, स्वतःची ऐकेल तर शपथ.

आज सकाळी 'एक-दोन' आला. म्हणाला, एक. मी हलले नाही. पुन्हा म्हणाला, एक. मी वॉकर सोडून दिला आणि हाताची घडी घातली. दुभाषीला सांगितलं, "याला म्हणावं, या बाईंचं रक्त काढल्याशिवाय मी एक पाऊल टाकणार नाही. पाय आखडला तर आखडला. परकर सगळे आखूडच आहेत, चालून जाईल."

'एक-दोन' घाबरला. वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. एवढ्या वर्षांच्या भांडणांत मी पहिल्यांदाच जिंकले. "हट्टी आहेस," म्हणाल्या आणि बाही वर सरकवली. दंडावर बाही इतकी ढगळ होती की आपोआप खांद्यापर्यंत गेली.

मग पन्नास पावलं चालले. रागाने माणूस चांगलं चालतं.

११ सप्टेंबर, बुधवार

आज ज्या डॉक्टरीण बाईंकडे वन्संना नेलं त्या बुटक्या, ठेंगण्या, अंगात मापाचा कोट. मला बरं वाटलं. मी वॉकर घेऊन बरोबर गेले. नर्सने चाकाची खुर्ची आणली होती, ती वन्संनाच बसायला दिली.

बाईंनी वन्संना पाणी प्यायला लावलं आणि घोट गिळताना गळ्यावर बोटं ठेवून बघितलं. नाडी बराच वेळ धरली. मग दुभाषीतून विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? वन्सं म्हणाल्या, "झाले काही दिवस." मी पिशवीतून ब्लाउज काढून टेबलावर उलटा पसरला. एकेका टिपेवर बोट ठेवून सांगितलं: मार्च, मे, जुलै. दर वेळी एक इंच. मापांच्या वहीचं पुढचं पान उघडून जुनं माप दाखवलं. दुभाषी सांगत होती आणि डॉक्टरीण बाई माझ्याकडे न बघता ब्लाउजाकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या की असा पुरावा त्यांना आजवर कुणी आणून दिलेला नाही. त्यांनी ब्लाउजाचा फोटो काढला.

रक्ताचे आकडे आलेच होते. सासूबाईंना काय झालं होतं ते आता कुणाला सांगता येणार नाही, पण वन्संचं बरं होणारं आहे. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी भलतंच जोरात काम करतेय. म्हणून घाम, म्हणून थरथर, म्हणून खाल्लेलं जळून जातं. हृदय त्यामुळे वाकडंतिकडं धावतंय, आणि आणखी तीन-चार महिने गेले असते तर त्यानेच दगा दिला असता. आत्ता सापडलं. गोळ्या आहेत. वेळ लागेल, पण वजन परत येईल.

वन्संनी दुभाषीला तीनदा विचारलं, "नीट ऐकलंस ना? पुन्हा एकदा विचार." बत्तीस वर्षं लोकांचे निरोप इकडून तिकडे देणाऱ्या बाईला स्वतःच्या निरोपावर विश्वास बसेना. मग त्यांनी माझा हात धरला, आणि माझ्या वॉकरवर डोकं टेकवून रडल्या. वॉकर सरकला. मी धरला.

हे फोनवर म्हणाले, "मी येऊ का?" विमानाने? "हो." एवढंच ऐकायला मिळालं तरी प्रवास वसूल. नका येऊ म्हटलं.

१५ सप्टेंबर, रविवार

चार दिवस उशिरा का होईना, समुद्र. नाडी ताब्यात येईपर्यंत इस्पितळाने सोडलं नाही, पण खोली जाईल ही वन्संची भीती फुकट होती. दुभाषीने एक फोन केला, खोली आमचीच. एक फोन करायचा असतो, हे टेलिफोन ऑफिसवालीला कुणी सांगायचं!

वाळूत वॉकर रुततो, म्हणून मी फरसबंदीवरच्या बाकावर बसले. वन्सं पाण्यात घोट्यापर्यंत गेल्या. दोन्ही हातांनी साडी धरून, पाठ माझ्याकडे, कितीतरी वेळ उभ्या. मी पाठीवरची ब्लाउजची शिवण बघत होते. पाठीत ढगळ, खांद्यात उतरलेली. सगळं दिसत होतं. आता न बघायचं ठरवलं तरी दिसतं.

परत येऊन म्हणाल्या, "एवढं पाणी, आणि चूळ भरायच्या कामाचं नाही."

"मग? आवडला की नाही?"

"आवडला म्हणजे काय, उद्या परत यायचंय."

मी विचारलं, मशीन कुणी शिकवलं. म्हणाल्या, "कुणी कशाला? तीस वर्षं समोर बसून बघतेय. तू दुपारी पाठ टेकलीस की दहा मिनिटं." पहिल्या वेळी सुई बोटात गेली होती. मार्चमध्ये अंगठ्याला चिंधी बांधून फिरत होत्या, मला सांगितलं विळी लागली. मी विश्वासही ठेवला.

"टिपा वाकड्या आहेत," मी म्हटलं.

"रडत घेतल्या होत्या. सरळ कुठून येणार?"

मी बाकावर सरकून त्यांना जागा केली. दुखणं आज दोन.

८ डिसेंबर, रविवार

वही परत हातात घेतली कारण आज लिहिण्यासारखं झालं. दुकान दोन नोव्हेंबरपासून पूर्ण वेळ सुरू. टेबलाशी चार तास उभी राहते, मग दमते, पण दुखत नाही. मघाशी दुखण्याचा आकडा लिहायला गेले आणि आठवलं की गेले कितीतरी दिवस लिहिलाच नाही.

दुपारी वन्संना दुकानात बोलावलं आणि उभं केलं. "जुन्याच मापाने शीव" सुरू झालं. मी टेप गळ्यात घातला आणि म्हटलं, "माप घेतल्याशिवाय मी आता देवाचेही कपडे शिवणार नाही. हात वर करा." हात वर केले. थरथर नव्हती. गळ्याची सूज जवळजवळ गेलीय. टेप पाठीमागून फिरवून पुढे आणला आणि दोनदा वाचला, कारण डोळ्यांत पाणी होतं.

छत्तीस.

तपकिरी ब्लाउज काढून उलटा केला आणि सर्वांत आतली टीप, निळी, उसवायला घेतली. दोन्ही बाजूंची. वन्सं टेबलापलीकडे बसून बघत होत्या. निळा दोरा त्यांनी बोटाला गुंडाळला.

"अजून दोन राहिल्यात," म्हणाल्या.

"राहू देत. मी कुठे जातेय, आणि तुम्ही तरी कुठे जाताय?"

"मी जाणार आहे. पुढच्या वर्षी समुद्रावर. या वेळी तो विमानाला घाबरणारा भाऊ पण आणू." मग ब्लाउज हातात घेऊन शिवणीकडे बघत म्हणाल्या, "तुझ्या मशीनचा एक टाका गळतो गं, उलटं घेताना. दुरुस्त करून घे."

मी म्हटलं, मुळीच नाही, तो राहणार.

मग वही सरळ केली आणि पुढच्या बाजूला, गिऱ्हाइकांच्या पानांत, वन्संचं जुनं माप खोडून नवं लिहिलं, तारखेसकट. पुढचं माप आठ जानेवारीला, त्यांनी कितीही आरडाओरडा केला तरी.